स्नायू उडणे आणि स्नायूंची ताकद जाणे

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटरीतला एखादा स्नायू कातडीखाली टपटप उडू लागतो. दिवा लावून पाहिले तर तिथली त्वचा खरोखरच हलताना दिसते. थोड्या वेळाने ते थांबते आणि मग दंडात किंवा तळपायात सुरू होते. अशा वेळी मोबाइलवर शोध घेणाऱ्याला काही क्षणांतच एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, हे नाव दिसते आणि पुढच्या कित्येक रात्रींची झोप जाते. ही भीती अनाठायी आहे असे म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण या आजारात हालचाली घडवून आणणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतापेशी एकेक करून मरत जातात आणि तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. परंतु जे लक्षण पाहून माणूस घाबरतो आणि ज्या लक्षणावरून हा आजार सहसा ओळखला जातो, ती दोन्ही एकच नव्हेत.

एका चेतापेशीच्या ताब्यात स्नायूतंतूंचा एक छोटा गट असतो. चेतातंतूतून आपोआप एखादा विद्युतसंदेश सुटला की तो गट क्षणभर आकुंचन पावतो, आणि यालाच आपण स्नायू उडणे म्हणतो. निरोगी माणसांतही हे सर्रास घडते. जागरणानंतर पापणी लवते, तोही याच्याच जवळचा प्रकार आहे. कॉफीचा अतिरेक, दमवणारा व्यायाम, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांमुळे ते वाढते, म्हणजे ज्या भीतीपोटी माणूस पोटरीकडे टक लावून बसतो, तीच भीती पोटरीला आणखी उडवते. एएलएसमध्येही स्नायू उडतात आणि सगळा गोंधळ इथेच होतो. मात्र तिथे चेतापेशी मरत असल्याने स्नायूचा पुरवठा तुटत जातो, त्यामुळे उडण्यासोबत ताकद घटते आणि स्नायू वाळू लागतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ साली १२१ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचे स्नायू उडत होते, पण तपासणीत दुसरा दोष आढळला नव्हता. २ ते ३२ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांपैकी एकालाही एएलएस झाला नाही.

खरा पेच ‘ताकद’ या शब्दात आहे. चिंतेने ग्रासलेला माणूस पाय जड झाला, हातात जीव राहिला नाही असे सांगतो, आणि ते त्याला मनापासून जाणवतही असते. पण तोच माणूस जिना चढतो, बाटलीचे झाकण उघडतो, पिशवी उचलतो. एएलएसमधली अशक्तता आधी जाणवते ती कामात. शर्टाचे बटण बोटांना लावता येईनासे होते, किल्ली फिरत नाही, चालताना पायाचा चवडा उचलला न गेल्याने ठेच लागते, किंवा बोलणे जडावल्याचे घरच्यांच्या लक्षात येते. बहुधा ती एका भागात सुरू होते, तिथे वाढत जाते आणि शेजारच्या भागात पसरते. आज डाव्या हातात, उद्या उजव्या मांडीत आणि परवा कुठेच नाही, अशी ती फिरत नाही.

घरी स्वतःच्या परीक्षा घेत बसल्याने जाणवणारी आणि खरी अशक्तता यांतला हा फरक अस्पष्ट होतो. चवड्यांवर पन्नास वेळा उठबस केली तर कोणाच्याही पोटऱ्या थरथरतील. आरशासमोर ताणून बाहेर काढलेली जीभ हलणारच. म्हणून डॉक्टर जीभ तोंडात सैल असताना पाहतात. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालचा उंचवटा मोजला तर फरक हमखास सापडतो, कारण आपले दोन्ही हात मुळातच तंतोतंत सारखे नसतात.

याचा अर्थ डॉक्टरांकडे जाऊ नये असा नाही. रोजचे एखादे काम जमेनासे झाले असेल, स्नायू बारीक झालेला दिसत असेल, बोलणे, गिळणे किंवा श्वास घेणे अवघड जात असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे. यांपैकी काही नसेल आणि धास्ती मात्र जात नसेल, तरीही एकदा नीट तपासून घेणे योग्यच आहे. गरज वाटल्यास डॉक्टर ईएमजी करतात, ज्यात बारीक सुईने स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवली जाते. मात्र तपासणी निर्दोष आल्यावर तिसऱ्या, चौथ्या डॉक्टरांकडे जाण्याची ओढ लागली, तर आता उपचार भीतीवर करायचा आहे, असे मला ठामपणे वाटते. दिलासा दोन दिवस टिकतो आणि मग ‘त्यांच्या नजरेतून काही सुटले तर?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अशा आरोग्यचिंतेवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती, उपयोगी पडते आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. या थेरपीत स्नायू उडणे थांबवण्याचा प्रयत्न नसतो. तपासण्याची सवय मोडली जाते. जीभ पाहण्याची ऊर्मी आली की आधी दहा मिनिटे थांबायचे, मग अर्धा तास, आणि त्या वेळात हाती घेतलेले काम सोडायचे नाही. सुरुवातीचे दिवस फार कठीण जातात. स्नायू उडणे कित्येक महिने चालू राहू शकते, म्हणून ‘ते थांबले की मी निश्चिंत होईन’ अशी अट स्वतःला घालू नये.

घरच्यांनी ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये, कारण उडणारा स्नायू खोटा नसतो. आणि दर तासाला पोटरी पाहून ‘काही नाही झालेले’ असेही सांगत राहू नये, कारण तीही एक तपासणीच ठरते. ‘तुला भीती वाटते आहे हे मला दिसते, पण पोटरी मी आता पाहणार नाही, चल, जरा चालून येऊ,’ असे म्हणून सोबत बाहेर पडावे.