जुळलेले मेंदू आणि खोट्या जोड्या

एक स्त्री एमआरआय यंत्रात पडून आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगते. तिचा आवाज टिपून ठेवतात आणि नंतर इतरांना त्याच यंत्रात ऐकवतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. ऐकणाऱ्यांच्या मेंदूच्या कामातले चढउतार सांगणारीच्या मेंदूतल्या चढउतारांशी जुळले, बहुतेक भागांत थोडे मागून. काही भागांत मात्र ऐकणाऱ्याचा मेंदू चक्क पुढे धावत होता, आणि हे जितकं जास्त, तितकी गोष्ट अधिक समजलेली! रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा ही जुळणी उरलीच नाही.

प्रत्यक्ष संवादात दोघांची नोंद एकाच वेळी घ्यावी लागते. त्याला हायपरस्कॅनिंग म्हणतात. मेंदूसंशोधक रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दोन एमआरआय यंत्रं इंटरनेटने जोडून ते केलं. पण यंत्रात निपचित पडून कसल्या गप्पा? म्हणून आता डोक्यावर टोपी चढवतात. ईईजीची टोपी विद्युतलहरी मिलिसेकंदांच्या बारकाईने टिपते. दुसऱ्या प्रकारची टोपी कवटीतून अवरक्त प्रकाश सोडते आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेते. पण रक्तप्रवाह बदलायला काही सेकंद लागतात, म्हणून ही टोपी संथ. ईईजीच्या टोप्या घालून न्यूयॉर्कमधल्या शाळेतल्या १२ मुलांची वर्गाच्या ११ तासांना नोंद घेतली गेली (२०१७). तासात मन रमलं की मुलांच्या लहरी वर्गाशी अधिक जुळत. तासाआधी ज्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचं, त्याच्याशी तर आणखीच.

खरी कसोटी पुढे आहे. दोघांनी एकच आवाज ऐकला, तरी मेंदू सारखेच प्रतिसाद देतील. त्यासाठी एकमेकांची ओळख असण्याचीही गरज नाही. म्हणून संशोधक खोट्या जोड्या लावतात: या जोडीतला एक, त्या जोडीतला दुसरा. दोघांनी काम तेच केलेलं, पण एकमेकांबरोबर नाही. खऱ्या जोडीतली जुळणी खोटीपेक्षा जास्त भरली, तरच संवादाचं नाव घ्यायचं. ही तुलना नसलेल्या निष्कर्षावर माझा विश्वास बसत नाही. ती असली तरी जपून राहावं लागतं, कारण दोघं एकदम हसले की जबड्याच्या स्नायूंचे संकेत दोन्ही टोप्यांत शिरतात, आणि ते मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात.

जुळणी येते कुठून, याचा सर्वांत ठोस धागा उंदरांत सापडला. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी एकमेकांशी वावरणाऱ्या दोन उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी एकाच वेळी पाहिल्या. काही पेशी स्वतःच्या हालचालींना प्रतिसाद देत होत्या, तर काही समोरच्याच्या. म्हणजे एक उंदीर काही करतो, तेव्हा ती कृती त्याच्या मेंदूत ‘मी’ म्हणून आणि दुसऱ्याच्या मेंदूत ‘तो’ म्हणून उमटते. दोन मेंदू एकत्र चढतात-उतरतात ते यामुळे. त्यांच्यामध्ये कुठलीही अदृश्य लहर लागत नाही.