भौगोलिक माहिती प्रणाली आणि पुणे

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस : जमिनीवरील वस्तूंचे स्थान आणि त्यांच्याविषयीची माहिती एकत्र साठवणारी, ती ताडून पाहणारी आणि नकाशाच्या रूपात मांडणारी संगणकीय पद्धत. कागदी नकाशावर विहीर हा नुसता ठिपका असतो. जीआयएसमध्ये त्या ठिपक्यामागे विहिरीची खोली, मे महिन्यातली पाण्याची पातळी, गट नंबर असा तक्ता जोडलेला असतो. त्यामुळे ‘ओढ्यापासून शंभर मीटरच्या आत असूनही उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी कोणत्या’ असा प्रश्न नकाशालाच विचारता येतो. कॅनडात 1960 च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने देशभरातल्या जमिनीची नोंद ठेवण्यासाठी अशी पहिली प्रणाली उभी राहिली.

पुणे जिल्ह्यात या विषयाची पाळेमुळे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत आणि ती शेतसाऱ्याच्या मोजणीत आहेत. इंदापूर तालुक्यात 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी व प्रतवारी नव्याने केली. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी पुढे त्याच धर्तीवर झाली. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 सारखे भाग म्हणजे आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आज जमिनीच्या नोंदींवर जीआयएसचे काम करणाऱ्याच्या पुढ्यात शेवटी हीच मापे येतात. गावनकाशाचा कागद वर्षानुवर्षे आकसलेला असतो, घड्यांवर फाटलेला असतो, आणि मधल्या काळात शेतातला बांधही सरकलेला असतो. असा नकाशा उपग्रहचित्रावर बसवताना एका कोपऱ्याला तंतोतंत जुळतो आणि दुसऱ्या कोपऱ्याला शेजाऱ्याच्या गटात घुसतो. अशा वेळी संगणकावर ओढूनताणून रेषा जुळवणे हा उपाय नव्हे. मोजणीच्या वेळचे जुने टिपण काढून, जागेवर जाऊन बांधाचा दगड शोधावा लागतो.

शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा टोपोशीटपासून, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, गावे दाखवणाऱ्या सरकारी नकाशाच्या पत्रकापासून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. पुणे शहर अशा एका पत्रकात मावत नाही. 18 अंश 30 मिनिटे हे अक्षवृत्त स्वारगेटच्या जवळून जाते आणि तिथेच पत्रक बदलते : शनिवारवाडा 47 एफ/14 वर, सिंहगड 47 एफ/15 वर. दोन्ही पत्रके स्कॅन करायची, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि स्वारगेटपाशी रस्ते एकमेकांना मिळतात का पाहायचे, हा साधा सराव या विषयाची खरी ओळख करून देतो. जुनी पत्रके एव्हरेस्ट या पृथ्वीगोलाच्या मापावर आखलेली आहेत, तर मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या मापावर चालतो. हे रूपांतर विसरले की सगळा नकाशा डोळ्यांना दिसेल इतका सरकतो आणि रस्ता शेतातून गेलेला दिसतो. मीटरमध्ये अंतर मोजायचे तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून ते सपाट कागदावर मांडण्याची पद्धत वापरतात, आणि पुण्यासाठी तिचा 43 वा पट्टा निवडावा लागतो.

शहराच्या दृष्टीने या तंत्राचा सर्वांत निकडीचा उपयोग पाण्याची वाट शोधण्याचा आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवलेला होता, आणि पुढे शहर त्याच्या काठाला येऊन भिडले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला आलेल्या पुराने सोसायट्यांच्या भिंती पाडल्या आणि माणसांचे बळी घेतले. पाणलोट काढण्याची रीत अशी : उंचीची माहिती चौकोनांच्या जाळीत घ्यायची, प्रत्येक चौकोनातले पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वाधिक उताराच्या चौकोनात सोडायचे, आणि कुठे किती चौकोनांचे पाणी जमा होते ते मोजायचे. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून घेतलेली, सर्वांना मोफत मिळणारी उंचीची माहिती 30 मीटरच्या चौकोनांची आहे. डोंगरउतारावर ती चालते. शहरातला ओढा मात्र कित्येक ठिकाणी एका चौकोनाहूनही अरुंद असतो, म्हणजे संगणकाला तो दिसतच नाही. बारीक जाळी घेतली तर रस्त्याचा भराव आडव्या धरणासारखा दिसतो, कारण खालची मोरी वरून कळत नाही. त्यामुळे प्रत्येक मोरी पायी फिरून नोंदवणे आणि तिथे तो भराव संगणकात हाताने कापणे भाग पडते. ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाने भिंतीवर दाखवलेली पाण्याची खूण हीदेखील मोजमापाइतकीच मोलाची नोंद आहे, आणि ती घेतली गेलीच पाहिजे.

झोपडपट्टी वस्त्यांच्या बाबतीत जागेवर जाऊन नकाशा करण्याचे हेच काम शेल्टर असोसिएट्स ही पुण्यातली संस्था अनेक वर्षे करत आली आहे. अधिकृत नकाशात रिकामा दिसणारा तुकडा घराघरांत, गल्लीबोळांत आणि गटारांत मोडून दाखवला, की स्वच्छतागृह कुठे बांधता येईल याची चर्चा ठोस होते.

शिक्षणाची सोय शहरात चांगली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आणि सिम्बायोसिसची जिओइन्फर्मेटिक्स संस्था इथे आहेत, सी-डॅक या संगणक संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचे मुख्यालयही इथलेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व जमिनीच्या नोंदी सांभाळणारे जमाबंदी आयुक्त यांची राज्यस्तरीय कार्यालयेही पुण्यात असल्याने नकाशाचे काम जवळून पाहायला मिळते. 2002 मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमुळे महागड्या परवान्याची अडचणही उरलेली नाही.

गावठाणाची गोष्ट वेगळी. शेतजमिनीला सातबारा असतो, पण बहुसंख्य गावठाणांतल्या घरांची मोजणीच झालेली नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. ड्रोनने गावठाणे मोजण्याची केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला जाहीर झाली. यात ड्रोन उडण्याआधी गावकऱ्यांसमक्ष घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात. वरून घेतलेल्या छायाचित्रात त्या पांढऱ्या दिसतात, त्यांवरून नकाशा आखला जातो, आणि चौकशी पुरी झाल्यावर घरमालकाच्या हातात मिळकत पत्रिका पडते.