वाळवलेलं यीस्ट आणि यीस्टचा अर्क: गाळ एकच, माल दोन

1928 साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, तेव्हा कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा ॲनिमिया होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी झालेल्या, आणि ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्स यांनी या बायकांचा आहार तपासला, तसाच निकृष्ट आहार देऊन उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. माकडांना बरं केलं ते मार्माइट या यीस्टच्या अर्कानं. बायकांनाही त्याचाच गुण आला आणि 1931 मध्ये त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 मध्ये तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला लोहासोबत त्याची गोळी मिळते. परळमधल्या या कामाची आठवण मुंबईनं फारशी ठेवलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. औषधाच्या दुकानात ‘ब्रुअर्स यीस्ट’ नावानं ज्या गोळ्या मिळतात, त्या याच यीस्टच्या, पण अर्काच्या नव्हेत. या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘यीस्ट’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आधी हे उरतं कसं ते सांगतो. बिअर आंबत असताना यीस्ट साखर खातं आणि वाढत जातं, घातलं त्याच्या कितीतरी पट होतं. थोडं पुढच्या घाण्यासाठी ठेवतात. बाकीचं टाकीच्या तळाशी पातळ पिठल्यासारखं साचतं, त्यात बहुतांश पाणीच. ते टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच वास मारायला लागतं. नाल्यात सोडावं तर ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) इतका भार पडतो की कारखान्याला तेच महागात जातं. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत, जिथे बिअरचे मोठे कारखाने आहेत, तिथे हा प्रश्न रोजचा असणार. (दूधवाले जनावरांसाठी नेतात तो बार्लीचा ओला चोथा वेगळा. ते धान्य, हे यीस्ट.)

पहिली वाट सोपी. गाळ चाळून घ्यायचा, माणसांसाठी हवा असेल तर धुऊन हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा कमी करायचा, मग तापलेल्या ड्रमवर पातळ थर देऊन वाळवायचा. पापुद्रे सुटतात, ते दळले की झालं वाळवलेलं यीस्ट. यात यीस्टची पेशी मरते, पण तिचं सगळं सामान तिच्यासोबतच राहतं. कोरड्या वजनात साधारण निम्मी प्रथिनं, शिवाय ब जीवनसत्त्वं. कोंबड्या, मासे, गुरं यांच्या खाद्यात हे जातं. मारणं मात्र गरजेचं आहे: जिवंत यीस्ट पोटात गेलं तर तिथेही आंबवत राहतं, आणि आतड्यातलं थायामिन (ब1 जीवनसत्त्व) ते यीस्टच शोषून घेतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिथे यीस्ट स्वतःलाच पचवतं. गाळात मीठ घालून तो 50 अंशांच्या आसपास ठेवतात. पेशी मरते, पण तिच्यातली एन्झाइम्स मरत नाहीत. आतले कप्पे फुटले की ती मोकळी होतात आणि पेशीच्याच प्रथिनांचे तुकडे करू लागतात. साधारण दिवसभरात प्रथिनांचे पेप्टाइड आणि अमिनो आम्लं होतात. त्यात ग्लुटामिक आम्ल भरपूर, आणि चव आणतं ते तेच. वाळवलेल्या जवळ्याची चिमूट घातली की कालवण जसं एकदम भरल्यासारखं लागतं, तीच ही चव, मासे न घालता मिळालेली. मग तापवून एन्झाइम्सचं काम थांबवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींची टरफलं बाजूला काढायची आणि उरलेला रस निर्वातात आटवायचा. हाती येतो काळपट, चिकट, खारट लगदा.

यीस्ट असं आटवून खाता येतं हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. त्याचा धंदा, म्हणजे मार्माइट, उभा राहिला 1902 मध्ये, इंग्लंडच्या बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरच्याच गावात. कच्चा माल शेजारच्या बास ब्रुअरीतून यायचा. पुढे मेलबर्नमध्ये सिरिल कॅलिस्टर यांनी तिथल्या ब्रुअरीच्या यीस्टपासून व्हेजीमाइट हा तसाच अर्क बनवला, तो 1923 मध्ये बाजारात आला. चिप्सच्या किंवा सूपच्या पाकिटावर ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेलं दिसतं, तेही याच कुळातलं, बहुधा पूड करून घातलेलं.

हातात कोणता माल आहे ते घरीच कळतं. चमचाभर माल कोमट पाण्यात ढवळा. अर्क विरघळून पाणी तपकिरी होतं. वाळवलेलं यीस्ट विरघळत नाही, पाणी गढूळ करून हळूहळू तळाशी बसतं. जिभेवर अर्क खारट, वाळवलेलं बरंचदा कडवट. पाव फुगवायला दोन्ही निरुपयोगी, कारण दोन्ही मेलेली. त्यासाठी जिवंत यीस्टच लागतं, नाहीतर गोव्याचे पोदेर (पाववाले) पूर्वी वापरत तशी सूर, म्हणजे माडाची ताडी.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो: यीस्ट बी12 बनवत नाही. डब्यावर बी12 दिसलं तर ते वरून घातलेलं असतं. नुसतं ‘यीस्ट खातो’ म्हणून निर्धास्त राहू नका, लेबल वाचा. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी दोन्हींपासून जपावं, यीस्टमध्ये प्युरिन खूप असतं आणि त्याचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. रक्तदाब असलेल्यांनी अर्कातलं मीठ मोजावं. नैराश्यावरच्या एमएओ इनहिबिटर गटातल्या गोळ्या चालू असतील तर अर्क टाळायलाच हवा, त्यातल्या टायरामिनमुळे रक्तदाब धोकादायक चढू शकतो. ग्लुटेन न चालणाऱ्यांनी बार्लीच्या अंशाची चौकशी करावी.

आणि बाजूला काढलेली ती टरफलं? त्यांत बीटा-ग्लुकान आणि मॅनन ही कर्बोदकं असतात, म्हणून तीही वाळवून पशुखाद्यवाल्यांना विकतात. अर्क माणसांच्या ताटात जातो आणि टरफल कोंबडीच्या खाद्यात.