ऑफ-रोड गाडी घेताना सुरक्षेसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

महिंद्राची थार, तिचीच पाच दारांची रॉक्स, मारुतीची जिम्नी किंवा फोर्सची गुरखा घ्यायचं नक्की झालं की गाडं बहुतेक एकाच ठिकाणी अडतं. खालचं व्हेरिएंट घेऊन उरलेल्या पैशांत टायर, लाइट, बंपर करून घ्यायचे, की सरळ वरचं व्हेरिएंट घ्यायचं? आमची कसोटी एकच आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर जे बसवता येत नाही, त्याचे पैसे आधी मोजा. जे नंतर बसतं, त्याच्यासाठी वरच्या व्हेरिएंटच्या मागे लागू नका.

नंतर बसत नाही ते असं: गाडीचा सांगाडा, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा; काही कंपन्या त्यालाच ईएसपी म्हणतात), बाजूच्या आणि पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी), प्रिटेन्शनरवाले (धडकेच्या क्षणी आपोआप आवळणारे) बेल्ट, मागच्या प्रत्येक सीटला थ्री-पॉइंट बेल्ट आणि चाइल्ड सीटसाठी आयसोफिक्सचे हूक. रिव्हर्स कॅमेरा, टायर प्रेशर सेन्सर, फॉग लॅम्प, डॅशकॅम, चांगले टायर हे सगळं बाहेर मिळतं आणि नीट बसतं.

ईएससीवर तडजोड नको

उंच गाडी उलटते ती बहुतेक वेळा डोंगरातल्या कच्च्या वाटेवर नाही, डांबरी रस्त्यावर. ताम्हिणीत वळणावर अचानक म्हैस आडवी येते, ड्रायव्हर स्टिअरिंग एकदम उजवीकडे मारतो, मग घाबरून तितक्याच जोरात डावीकडे. दुसऱ्या झटक्याला मागची बाजू सुटते. ईएससी स्टिअरिंगचा कोन आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे सतत ताडून बघतं. दोन्ही जुळलं नाही की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेवर आणतं. माणसाला चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावता येत नाही, म्हणून याला पर्याय नाही.

उलटण्याचा हिशेब कागदावर करता येतो. दोन चाकांमधलं अंतर निम्मं करा आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. समजा चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर आहे. ७५० भागिले ७०० म्हणजे १.०७. साध्या सेडानचा हा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. आता १७५० किलोच्या याच गाडीच्या टपावर, जमिनीपासून १८५० मिमी उंचीवर, ७५ किलो सामान बांधा. गुरुत्वमध्य ७४७ मिमीवर जातो आणि आकडा १.०० वर येतो. तंबू आणि जेरीकॅन टपावर नेणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं. जड सामान आत, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली बांधा.

फोर बाय फोर म्हणजे सुरक्षा नव्हे

ही समजूत इतकी पक्की आहे की वेगळं सांगावं लागतं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलातून पुढे जाते, पण थांबताना त्याचा उपयोग होत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. शिवाय या गाड्यांतली पार्ट-टाइम पद्धत (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडणारी) कोरड्या डांबरावर ४-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, चालवायची नसते. वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो, तो मुरायला जागा नसते, स्टिअरिंग जड होतं आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो. शेतावरची वाट पावसाळ्यात चार महिने चिखलाची असेल तर फोर बाय फोर घ्याच. वर्षातून दोन ट्रिपसाठी घेत असाल, आणि त्यापायी ईएससी किंवा पडदा एअरबॅग सोडावी लागत असेल, तर तो सौदा चुकीचा आहे.

स्टार कसे वाचायचे

तीन दारांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) ४ स्टार मिळाले, रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे (आपल्याकडची तशीच चाचणी) ५. दोन्हींत फरक एका स्टारचा दिसतो, पण परीक्षा वेगळ्या होत्या. २०२० चे मोठ्यांचे गुण मुख्यतः ६४ किमी वेगाच्या समोरच्या धडकेवर ठरत. आता ५ स्टारसाठी बाजूची धडक आणि खांबाची चाचणीही द्यावी लागते, ईएससीही लागतं. म्हणून स्टारसोबत वर्ष आणि चाचणी करणारी संस्था विचारा.

रॉक्समध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी सगळ्यात खालच्या व्हेरिएंटपासून आहेत. जिम्नीतही दोन्ही सर्व व्हेरिएंटना आहेत. त्यामुळे या दोन गाड्यांत वरचं व्हेरिएंट ‘सेफ्टीसाठी’ घ्या असं कुणी म्हणालं तर नेमकं काय वाढतं ते यादीवर बोट ठेवून विचारा. जिम्नीत मुख्यतः दिवे आणि सोयी वाढतात, रॉक्समध्ये अडास (धोका ओळखून स्वतः ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी यंत्रणा). तीन दारांच्या थारची गोष्ट वेगळी. तिच्या सगळ्या व्हेरिएंटना ईएसपी नव्हतं, तिथे फरकाचे पैसे देणं योग्यच. गुरखाला दोन्ही अ‍ॅक्सलचे लॉक (एक चाक जागीच फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारे) मिळतात, पण एअरबॅग पुढच्या दोनच. रोज मुलांना मागे बसवून हायवेने जाणाऱ्याला आम्ही ती सुचवणार नाही.

अडासबद्दल थोडक्यात: महिन्याला दोन-तीनदा समृद्धी किंवा पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जाणं असेल तर आपोआप ब्रेक लागण्याची सोय मोलाची आहे. गावातल्या आणि घाटातल्या रस्त्यांवर, जिथे पट्टेच पुसलेले असतात, तिथे लेन सांभाळण्याची सोय फारशी चालत नाही.

फरक ऑन-रोडवर मोजा

एक्स-शोरूम फरक दीड लाखाचा असेल तर तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे आणखी २१ हजार. १ लाख ७१ हजार, ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ३,५५० रुपयांनी वाढतो. वर विम्याचा फरक. वीस लाखांची रेषा ओलांडली तर टॅक्सचा टक्काही वाढतो.

विकत घेतलेली सुरक्षा घालवू नका

सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी चिठ्ठी असेल तर ती कडा झाकणारं कव्हर घालू नका. एअरबॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावला की धडकेचा जोर चुरगळून मुरायचा तो सरळ चासीवर जातो आणि एअरबॅगचा सेन्सर चुकू शकतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

टायरचा मोहही सांभाळा. थारचा २५५/६५ आर १८ काढून २७५/६५ आर १८ घातला तर व्यास सुमारे २६ मिमी वाढतो, पण गाडी उचलली जाते फक्त १३ मिमी. त्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२-८३ वर असते. मड टेरेन (खास चिखलाचे) टायर ओल्या डांबरावर ऑल टेरेनपेक्षा (सगळ्या रस्त्यांवर चालणाऱ्या टायरपेक्षा) उशिरा थांबतात. रोज डांबरावर असाल तर ऑल टेरेनच घ्या. वाळूत हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवलीत तर डांबरावर चढण्याआधी भरा. कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा उतरवूच नका.

सेकंड हँड घेत असाल तर

२०२० पूर्वीच्या थारला एअरबॅग नाहीत आणि मागे समोरासमोरची आडवी बाकं आहेत. मुलांसाठी ती जागा नव्हे.

त्यानंतरची वापरलेली गाडी बघताना आधी चावी ऑन करून इंजिन बंद ठेवा. एबीएस, एअरबॅग आणि ईएससीचे दिवे लागून काही सेकंदांत विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग उडाल्यावर कदाचित नवी बसवलेलीच नसेल. मग पुढचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. अगदी तळाशी कापडी चिठ्ठीवर बनावटीची तारीख असते. ती गाडीच्या वर्षाच्या नंतरची असेल तर बेल्ट बदललेला आहे, कारण विचारा. झटका देऊन बेल्ट जागीच अडकतो का तेही बघा. शेवटी पाचही टायरवरचा चार आकडी कोड वाचा. ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. स्टेपनीचा कोड बाकी चारांपेक्षा पाच-सहा वर्षं जुना निघाला तर ती बदलण्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.