आजोबा नाटक करत नाहीत

स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांची मालिका बघून प्रेक्षक जी मतं देतात, त्यात एक तक्रार हमखास असते. ‘पन्नास वर्षांपूर्वीच्या मास्तरांचं नाव आठवतं आणि अर्ध्या तासापूर्वी जेवलो ते आठवत नाही? लेखकानं सोयीनं विसरायला लावलंय!’ दुसरी त्याहून कडक: ‘म्हातारा नाटक करतोय.’ गंमत म्हणजे आजोबा जिन्यावरून पडतात, डोक्याला मार बसतो आणि सगळं लख्ख आठवू लागतं, हा प्रसंग याच मंडळींना बिनतक्रार पटतो. वास्तविक पहिला प्रसंग पाठ्यपुस्तकात घालावा इतका अचूक आहे आणि दुसरा शुद्ध थाप.

स्मृती जाऊ लागली की नवी आधी जाते, जुनी मागून, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं. का जाते, हे कळायला बराच काळ गेला.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर अपस्माराचा त्रास थांबावा म्हणून शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, आणि त्याच्या आसपासचा भाग त्यात बराचसा काढून टाकला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की मोलेसन यांच्यासाठी तो अनोळखीच. लहानपण मात्र आठवत होतं. आणखी एक नवल म्हणजे आरशात बघून आकृती गिरवण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला, तेव्हा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. आपण हे आधी कधी केलंय, हे त्यांना रोज नव्यानं अमान्य! घटनांची आठवण आणि हाताचं कसब मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. मालिकेतल्या आजोबांनी मुलीला ओळखलं नाही आणि पाचच मिनिटांत पेटी सुरेख वाजवली, तर त्यात खोट काढू नये.

आता माझ्या आवडत्या जागेकडे येतो. हिप्पोकॅम्पसच्या दारातच मेंदूचा एक छोटा पट्टा आहे, एन्टोरायनल कॉर्टेक्स. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, अंगाला जाणवलेलं बरंचसं या दारातून हिप्पोकॅम्पसमध्ये जातं. तिथं त्याची एकत्र गाठ मारली जाते आणि पुढं, विशेषतः झोपेत, ती आठवण पुन्हा पुन्हा उजळली जाऊन मेंदूच्या बाहेरच्या थरांत हळूहळू मुरते. मास्तरांचं नाव तिथं केव्हाच मुरलेलं आहे. आजचं जेवण अजून दारातच उभं आहे.

अल्झायमरमध्ये नेमकं हेच दार आधी पडतं. मज्जापेशीच्या लांबलचक तंतूत माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि टाऊ नावाचं प्रथिन त्या नळ्यांना आधार देतं. या आजारात टाऊवर फॉस्फेटचे गट अवाजवी संख्येनं चिकटतात, ते नळ्यांपासून सुटतं, त्याचा गुंता होतो आणि पेशी मरते. हा गुंता एन्टोरायनल भागातून सुरू होऊन पायरीपायरीनं कसा पसरत जातो, त्याचा नकाशा ब्राक या संशोधक दांपत्यानं १९९१ मध्ये मांडला. या पट्ट्याच्या दुसऱ्या थरातल्या पेशी हिप्पोकॅम्पसला तारा जोडतात. १९९६ च्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंशाची अगदी सौम्य लक्षणं असलेल्यांच्या मेंदूतही या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. म्हणजे ‘हल्ली जरा विसरतात’ असं घरचे म्हणू लागतात, तोवर दार निम्म्याहून जास्त ढासळलेलं असतं.

आणि याच थरात जाळी-पेशी सापडतात! मोझर हे संशोधक दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उंदरांत त्या दाखवल्या. २०१४ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. प्राणी मोकळ्या जागेत फिरत असताना अशी एक पेशी ठरावीक ठिकाणीच स्पंदते. ती ठिकाणं कागदावर मांडली तर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उमटते. जणू मेंदू जमिनीवर आलेखाचा कागदच अंथरतो. हा कागद फाटला की ओळखीच्या गल्लीतही माणूस भरकटतो. ‘जेवण कुठंय?’ असं चौथ्यांदा विचारणारे आजोबा आणि फिरायला जाऊन हरवणारे आजोबा ही पटकथेतली दोन वेगळी संकटं वाटतात. उगम एकाच चिंचोळ्या पट्टीत असू शकतो.

अर्थात स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) म्हणजे सगळा अल्झायमर नव्हे. अल्झायमरचा वाटा ६० ते ७० टक्के. एका प्रकारात कपाळामागचा भाग आधी झिजतो. तिथं स्मृती बरी राहून स्वभावच पालटतो. त्याला बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवले जातात, याचा मला मनस्वी राग येतो. स्मरणशक्ती परत आणणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातीही त्याच माळेतल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या १८ महिन्यांच्या चाचणीत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मंदावली, उलटली नाही. मेलेल्या पेशी जिन्यावरून पडूनही परत येत नाहीत.

एक मत राहिलं: ‘त्यांना कुठं लक्षात राहतं, सुनेनं दोन शब्द ऐकवले तर काय बिघडलं?’ २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या १७ रुग्णांना चित्रपटांतली दुःखी दृश्यं दाखवली. थोड्या वेळानं काय पाहिलं ते बहुतेकांना नीट सांगता येईना, पण उदासी रेंगाळत राहिली. आणि ज्यांना दृश्यं जितकी कमी आठवत होती, त्यांची उदासी तितकी जास्त वेळ टिकली. सुनेच्या बोलण्यानंतरच्या प्रसंगात आजोबा कारण नसताना खिडकीशी गप्प बसलेले दिसतात, ते दृश्य अनेकांना रेंगाळलेलं वाटलं. मला मालिकेतलं तेच सर्वांत खरं वाटलं.