चारचाकी ओढ आणि सोलेनॉइड : पार्श्वभूमी

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर गाडीची पुढची चाके जागीच फिरू लागली की मागच्या चाकांना ओढ मिळायला हवी, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र ऑटोमॅटिक गाडीत ती ओढ किती आणि केव्हा पोचवायची, हे काम बोटभर लांबीच्या सोलेनॉइडकडे कसे आले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे; त्यातून वीज गेली की आतला दांडा हलतो. अँपिअरने १८२० च्या दशकात त्याला हे नाव दिले, ते नळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. गिअरबॉक्सला मात्र त्याची गरज बराच काळ भासली नाही. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आलेल्या हायड्रामॅटिकमध्ये गिअर केव्हा बदलायचा हे गव्हर्नर (गाडीच्या वेगानुसार तेलाचा दाब बदलणारा भाग) आणि व्हॉल्व्ह तेलाच्या दाबावरच ठरवत.

चारही चाकांची अडचण वेगळी होती. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. त्यामुळे पुढचा आणि मागचा शाफ्ट घट्ट जोडलेला असेल, तर कोरड्या रस्त्यावर सगळी यंत्रणा आवळली जाते. १९६६ च्या जेन्सन एफएफ या गाडीने मधल्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा, मार्ग घेतला. जपानच्या सुबारू कंपनीने १९८१ मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मागच्या चाकांकडे ओढ नेणारा, तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच जोडला, आणि त्याच दशकात पुढे त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले.

खरी गंमत या नियंत्रणात आहे. एक्सलरेटर किती दाबला आहे, वेग किती आहे आणि पुढच्या-मागच्या शाफ्टच्या फेऱ्यांत किती फरक आहे, हे पाहून संगणक सोलेनॉइडला सेकंदाला साधारण ५० वेळा चालू-बंद करतो. प्रवाह असेपर्यंत तेलाची वाट उघडी राहते; प्रत्येक वेळी तो जितका जास्त काळ टिकतो तितके जास्त तेल निसटते, पिस्टनवरचा दाब उतरतो आणि चकत्या सैल पडतात. म्हणजे वीज क्लच सोडण्यासाठी खर्च होते, आवळण्यासाठी नव्हे. वायर तुटली तर चारही चाके जोडलेलीच राहतात. माझ्या मते ही निवड योग्य होती, जरी तिची किंमत टायर आणि चकत्या मोजत असल्या तरी. पुढची दोनच चाके हवी असतील, तर सुबारूने बॉनेटखाली एक रिकामी खाच ठेवली होती. तिच्यात फ्यूज बसवला की सोलेनॉइडला सतत प्रवाह मिळून क्लच सुटत असे.

पुढे प्रवाह कमीजास्त करून दाब सलग बदलणारे लिनिअर सोलेनॉइड आले. शेंद्र्याच्या कारखान्यात २०१७ पासून जुळवल्या गेलेल्या स्कोडा कोडियाकमध्ये हा क्लच गिअरबॉक्समध्ये नसून मागच्या डिफरन्शियलपाशी आहे, चकत्यांवर दाब देण्याचे तत्त्व मात्र तेच.

दुरुस्तीच्या टेबलावर सुटा सोलेनॉइड १२ व्होल्टला जोडला की 'टक्' असा आवाज येतो आणि पुष्कळदा तपासणी तिथेच थांबते. त्या आवाजावरून वेटोळे शाबूत आहे आणि आतला दांडा हलतो, एवढेच कळते. झिजलेल्या चकत्यांची काळी भुकटी तेलातून येऊन शेजारच्या व्हॉल्व्हमध्ये अडकली असेल, तर ती तेलाचा दाब मोजल्यावरच उघड होते.