पाठ नेमकी टेकायची कुठे?

लांबच्या बाइकप्रवासात कंबर धरू लागली की बॅकरेस्ट घ्यायचा विचार डोक्यात येतो, आणि डोळा जातो तो उंच, जाडजूड, मऊ गादीच्या बॅकरेस्टकडे. माझं मत नेमकं उलट आहे. रायडरसाठीचा चांगला बॅकरेस्ट बहुधा बुटका असतो, हाताला जरा कडकच लागतो, आणि त्यावर अंग टाकून रेलायचं नसतं. कटीर, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, मागे कलंडू न देणं एवढंच त्याचं काम.

आपण उभे असतो तेव्हा कमरेच्या ५ मणक्यांचा बाक आतल्या बाजूला असतो. बसलं की मांड्या पुढे येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते कटीर मागे ओढतात आणि तो बाक सपाट होतो. अमेरिकन न्यूरोसर्जन जे. जे. कीगन यांनी १९५३ साली वेगवेगळ्या बैठकींचे एक्स-रे काढून हे दाखवून दिलं. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना स्नायूंची ओढ सगळ्यात समतोल असते, असं त्यांना आढळलं. बाइकवर हा कोन बराच कमी असतो.

बाक गेला की मणक्यांमधल्या गादीवरचा (डिस्कवरचा) भार बदलतो. तो मोजायला स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात चक्क गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर दाब सुमारे ४० टक्के जास्त, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे १९९९ मध्ये जर्मन संशोधक विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत दाब मोजणारा संवेदक बसवला. उभं असताना ०.५ मेगापास्कल, साधं बसल्यावर ०.४६, पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३ आणि खुर्चीत मागे रेलल्यावर ०.२७ असे आकडे आले. म्हणजे बसणं वाईट की उभं राहणं, यावर दोघांचं जमत नाही. पुढे वाकलं की दाब चढतो आणि पाठीला आधार मिळाला की उतरतो, यावर मात्र एकमत आहे.

मग बाइकवरही मस्त मागे रेलावं की! इथेच गफलत होते. खुर्चीत बसणाऱ्याचे हात मोकळे असतात. रायडरचे हँडलबारला बांधलेले. धड मागे गेलं की कोपर सरळ होतात, खांदे पुढे ओढले जातात, आणि कमरेचं दुखणं मानेत जाऊन बसतं. त्यामुळे खुर्चीच्या प्रयोगांतला मागे कलण्याचा फायदा बाइकवर फारसा घेता येत नाही. कमरेच्या बाकाला मागून मिळणारा टेकू तेवढा हाती राहतो.

तो टेकू कुठे हवा? कमरेवर हात ठेवा. तळहाताखाली हाडांची कड लागते. दोन्ही बाजूंच्या कडांचे वरचे टोक जोडणारी रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवरून जाते. बॅकरेस्टचा मध्य तिथे किंवा किंचित वर यावा. पैसे घालण्याआधी टॉवेलची घट्ट गुंडाळी कमरेमागे धरून, उभ्या बाइकवर, पाय फूटरेस्टवर ठेवून पाच-दहा मिनिटं बसून पाहा. बाइक धरायला कुणीतरी हवं. गुंडाळी बोटभर वरखाली केली तरी फरक जाणवतो. हे सगळं रायडिंग जॅकेट घालूनच करायचं, कारण जॅकेटमधला पाठीचा प्रोटेक्टर आपली जाडी घेऊन येतो आणि मापं चुकवतो.

पुढे-मागे किती, याची चाचणी हँडल देते. ते एका बाजूला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या. बाहेरचा हात ताणून सरळ होत असेल तर बॅकरेस्ट पुढे घ्यायला हवा. पोट टाकीकडे ढकललं जात असेल तर मागे. म्हणून उंची आणि अंतर दोन्ही बदलता येणारा बॅकरेस्ट घ्यावा. एकाच मापात घट्ट बसवलेला कितीही देखणा असला तरी मी घेणार नाही.

बाइक कोणती, यावर तर निम्मा निकाल अवलंबून आहे. क्रूझरवर पाय पुढे आणि गुडघे बरेचसे सरळ, म्हणजे मांडीमागचे स्नायू आणखी ताणलेले. शिवाय पायांवर भार घेऊन सीटवरून उठताही येत नाही. बॅकरेस्टची खरी गरज इथे. पाय खाली येणाऱ्या सरळ बैठकीच्या बाइकवर उपयोग होतो, पण कमी. स्पोर्ट बाइकवर पाठ त्याला टेकतच नाही, तेव्हा विषय संपला.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे: समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर बॅकरेस्ट झेलतो. ताशी १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन होतो; हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यानं १२० ला तो साडेसहाशेच्या पुढे जातो. विंडशील्ड नसेल तर ताठ बसलेल्या धडावर ढोबळमानानं पंधरा-वीस किलो वजनाइतका जोर येतो. पण तो येतो छातीवर, आणि बुटका बॅकरेस्ट टेकतो कमरेला. धड त्याच्यावरून मागे वाकू पाहतं आणि ते रोखायचं काम पोटाला व हातांना करावंच लागतं. तक्रार वाऱ्याची असेल तर खर्च विंडशील्डवर करा. छातीपर्यंत उंच बॅकरेस्ट हा त्यावर उपाय नाही. मागे वळून बघताना खांदा अडतो, वळणावर शरीर हलवता येत नाही.

धक्क्यांचंही तसंच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनांनी सर्वाधिक हलतो. कमरेमागचा बॅकरेस्ट ती कंपनं थांबवत नाही. ते काम सीट आणि सस्पेन्शनचं.

फोम अंगठ्यानं दाबून पाहा. आतली पट्टी सहज लागली तर तो काही महिन्यांत बसणार. मेमरी फोम थंडीत कडक होतो, हेही ध्यानात असू द्या. मग दांडी हलवून बघा: डुगडुगणाऱ्या आधाराला टेकलं तर पाठीचे स्नायू ढिले पडतच नाहीत, म्हणजे आधार असून नसल्यासारखा. पाय टाकून चढताना बूट अडकू नये आणि मागच्या माणसाच्या पोटात बॅकरेस्ट घुसू नये, यासाठी दुमडणारा किंवा पटकन निघणारा बरा. मागच्या सीटवर बॅग बांधून तिलाच टेकायची युक्ती अडीअडचणीला चालते, पण बॅग दर खड्ड्याला सरकते आणि टेकू आपली जागा सोडतो.

आधार कितीही अचूक असला तरी त्याला चिकटून तासन् तास बसू नये. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. भार कमी-जास्त होत राहिला की त्यातला द्रव आत-बाहेर होतो. म्हणून मागे-पुढे सरकायला सीटवर जागा उरली पाहिजे. पायाकडे कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील तर बॅकरेस्टचा नाद सोडून डॉक्टर गाठा. आणि मुक्कामी पोचल्यावर उतरल्या उतरल्या जड बॅगा उचलू नका: बराच वेळ वाकून बसल्यानं सैल पडलेले कण्याचे अस्थिबंध (हाडं जोडणारे पट्टे) पूर्ववत व्हायला वेळ घेतात, तोवर थोडं चालून या.